समोरची जागा

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

आमचं कापडाचं दुकान बंद झालं. शटर अजून रोज वर जातं, पण आत रिकामे रॅक आणि मालकांचा मेव्हणा, एवढंच उरलंय. तो आता पंखेसुद्धा उतरवून नेतोय. इतकी वर्षं तक्रारींच्या काउंटरवर उभी राहिले. आज माझीच तक्रार ऐकायला कोणी नाही.

बाबा म्हणाले, "बरं झालं, पायांना आराम." मग मी जेवताना हळूच विषय काढला. कोपऱ्यावर घरं भाड्याने लावून देणाऱ्यांचं ऑफिस आहे. त्यांच्या काचेवर 'जागा दाखवायला माणूस पाहिजे' अशी पाटी लागलीय, विचारून येऊ का? बाबांनी ताट पुढे सरकवलं. "घरात एक दलाल होऊन गेली, तेवढी पुरे." होऊन गेली म्हणाले गं! जशी काही तू वारलीसच.

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे भांडण झालं की सोडवायला तिसरं कोणी नसतं. म्हणून तुला विचारते. तू तुझ्या गावात अर्धा जन्म हेच काम केलंस. मला जमेल का? लोक म्हणतात, दलाल खोटं बोलतात. तू बोलायचीस का? आणि एकटीने परक्या माणसाला रिकाम्या घरात घेऊन जायची भीती नाही वाटायची?

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. एका अर्थी बरंच आहे, मधेच तोडून 'मुद्द्यावर ये' म्हणणार नाहीस.

तुझी,
भिंगरी


१२ फेब्रुवारी

भिंगरे,

मुद्द्यावर ये. तीन पानं लिहिलीस, त्यातलं दीड पान पंख्यांवर.

तुझ्या बापाला सांग, ताई जिवंत आहे आणि तिने तुला 'जा' म्हटलंय. लहानपणी माझ्याच जुन्या चपला घालून शाळेत गेलाय तो. दलालीच्या नावाने नाक मुरडायचं त्याला काही कारण नाही.

जमेल का? तुला बोलायला आवडतं आणि माणसांचा कंटाळा येत नाही. अर्धं काम तेवढ्यावर होतं. मी हे काम सोडलं ते कंटाळून नव्हे. नवरा-बायको जागा बघताना आपसांत जे कुजबुजतात, ते मला ऐकू येईना. दलालाचं पोट त्या कुजबुजीवर असतं.

खोटं बोलायचे का? नाही. पण सगळं खरं बोलायला कोणी बोलावलेलंही नसतं.

आता नीट वाच. गिऱ्हाईकाच्या आधी जाऊन खिडक्या उघड, बंद घराचा वास घालव. किल्ली हातातून सोडू नकोस. गिऱ्हाईकाच्या पुढे जिना चढू नकोस, मागून चढ, म्हणजे त्याला धाप लागते का कळतं. घरात शिरल्यावर त्याला एकट्याला फिरू दे आणि तू नुसतं बघ. ज्याला खरंच राहायचंय तो नळ सोडून बघतो, कपाटात डोकं घालतो, संडासाचं दार लावून बघतो. जो नुसतं 'छान, छान' म्हणतो, तो वेळ घालवायला आलेला असतो. त्याला चहासुद्धा पाजू नकोस.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. भिंती दाखवू नकोस, शेजार दाखव. माणूस घर बघायला येतो, पण घेतो शेजार. समोर कोण राहतं, खाली कोण राहतं, त्यांची मुलं केवढी, हे सगळं बोलता बोलता सांगत जा. गिऱ्हाईक तिथल्या तिथे मनातल्या मनात राहायला येतं.

भीती वाटायची. वाटायलाच हवी. दार उघडं ठेवायचं आणि आपण दाराजवळ उभं राहायचं.

आत्या


९ मार्च

प्रिय आत्या,

लागले! ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, चार टेबलं, भिंतीवर किल्ल्यांचा फळा. प्रत्येक किल्लीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला. साहेब काचेच्या केबिनमध्ये बसून फोनवर कोणाला ना कोणाला 'आपलंच घर समजा' म्हणत असतात. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सगळे 'टाय' म्हणतात, कारण तो भर उन्हातसुद्धा टाय सोडत नाही. मनाने चांगला आहे, पण सांगितलेलं एक आणि ऐकलेलं भलतंच.

पहिली जागा मी लावून दिली, आत्या! एक बाई आणि तिची मुलगी. बाई बेकरीत कामाला आहे. हाताला भट्टीचे चटके आणि बोलणं मोजकं. तिला घरं दाखवता दाखवता माझ्या नाकी नऊ आले. तळमजला नको म्हणाली. एकच जिना असलेली इमारत नको. दाराला आतून दोन कड्या हव्यात. शेवटी नदीकडच्या रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावरचं घर पसंत पडलं. मागच्या बाजूलाही एक लोखंडी जिना आहे, तो बघून ती पहिल्यांदा हसली. मुलगी रिकाम्या खोल्यांतून ओरडत धावली आणि स्वतःचाच आवाज परत ऐकून खिदळायला लागली. मला इतकं छान वाटलं म्हणून सांगू.

करारावर सही करताना ती म्हणाली, "पत्रपेटीवर नाव लावायचं नाही. आणि इथे कोण राहतं असं कोणी विचारलं, तर सांगायचं नाही. कबूल?" मी कबूल म्हटलं. असतात काही माणसं एकलकोंडी.

बाबा अजून ऑफिसचं नाव काढत नाहीत. पण परवा संध्याकाळी मी चपला काढत होते, तर गरम पाण्याची बादली आणून ठेवली आणि पेपर वाचायला बसले.

त्याच मजल्यावर, त्यांच्या दारासमोरची जागाही रिकामी आहे. तीही मीच लावून द्यावी असं मनात आहे.

तुझी,
भिंगरी


१८ मार्च

भिंगरे,

शाब्बास. पहिलं घर लागलं की रात्री झोप येत नाही. मला तरी आली नव्हती.

समोरची जागा दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ देऊ नकोस. जिथे एक घर लावलं, तिथे दुसरं सोपं जातं. 'समोरचं घर मीच लावून दिलंय, माणसं अगदी शांत आहेत' असं म्हटलं की गिऱ्हाईकाला धीर येतो.

माझ्या कानाचं नवीन यंत्र आलंय. आता भांडी पडलेली ऐकू येतात, माणसं मात्र अजून ऐकू येत नाहीत. डॉक्टर म्हणतो, सवय होईल. भांड्यांची झालीच आहे.

बादलीबद्दल त्याला काही बोलू नकोस. बोललीस तर आणायची बंद करेल.

आत्या


२ एप्रिल

प्रिय आत्या,

समोरची जागा जवळजवळ लागल्यातच जमा आहे!

परवा एक गृहस्थ आले. चाळिशीचे असतील. इस्त्रीचा शर्ट, बोलणं इतकं मऊ की टायसुद्धा उठून उभा राहिला. औषध कंपनीत आहेत म्हणाले, बदली होऊन आलेत. नदीकडच्या रस्त्यावरच जागा हवी. मी म्हटलं, तुमचं नशीब, एक अगदी तशीच आहे.

आत्या, इतकं समजूतदार गिऱ्हाईक मी पाहिलं नाही. कशातच खोट काढली नाही. स्वयंपाकघरात गेलेसुद्धा नाहीत. नळ गळतो हे सांगायची मी तयारी करून गेले होते, त्यांनी नळाकडे पाहिलंच नाही. सरळ दाराशी उभे राहिले, मग खिडकीशी, मग पुन्हा दाराशी. "इथून जिना दिसतो, छान आहे," म्हणाले. तू म्हणतेस 'छान छान' म्हणणारे वेळ घालवायला येतात, पण हे तसे नाहीत. लगेच विचारलं, कधीपासून मिळेल?

मग तू शिकवलंस तसं केलं. "समोर कोण राहतं?" असं त्यांनी विचारलं आणि मी सगळा शेजार दाखवला. म्हटलं, आई आणि मुलगी, दोघीच. घर मीच लावून दिलंय. आई पहाटे बेकरीत जाते, दुपारी मुलीला शाळेतून घेऊन परत येते. आवाज म्हणून नाही. ते हसून म्हणाले, "सात वर्षांची पोर आणि आवाज नाही?" मी म्हटलं, नाही हो, गुणी आहे फार.

बाईला दिलेला शब्द आठवला, नाही असं नाही. पण नाव कुठे सांगितलं मी? आणि शेजारीच राहायला येणाऱ्या माणसापासून काय लपवायचं?

शुक्रवारी सकाळी पुन्हा येणार आहेत. पडद्यांची मापं घ्यायचीत, निवांत घेईन म्हणाले, म्हणून किल्ली त्यांनाच द्यायची आहे. करार सोमवारी.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "नळ न बघता घर घेणारा माणूस मूर्ख तरी असतो नाहीतर श्रीमंत." ताई-भाऊ दोघांचं नळांवर एकमत दिसतंय!

तुझी,
भिंगरी


४ एप्रिल

भिंगरे,

हे पत्र वेळेवर पोचणार नाही हे मला कळतंय. म्हणून खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना तुझ्या ऑफिसात फोन करायला सांगितलं. मी शेजारी उभी राहून ओरडत होते. तू बाहेर गेली होतीस. कोणा पुरुषाने फोन घेतला आणि निरोप देतो म्हणाला. तरी लिहितेय, कारण माझा त्याच्यावर भरवसा नाही.

त्या माणसाला किल्ली देऊ नकोस.

मुलगी सात वर्षांची आहे हे त्याला कोणी सांगितलं? मी तुझं पत्र परत परत वाचलं. तू त्याला 'मुलगी' एवढंच म्हणालीस. वय त्याने स्वतः सांगितलं.

त्याने स्वयंपाकघर बघितलं नाही, कारण त्याला तिथे राहायचंच नाहीये. त्याने दार बघितलं. दोन कड्या, मागचा जिना, पत्रपेटीवर नाव नाही: ती बाई एकलकोंडी नाही गं. ती पळून आलीय. आणि हे मला मार्चमध्येच दिसायला हवं होतं. मी तेव्हा तुला शेजार कसा दाखवायचा ते शिकवत बसले.

आधी बेकरीत जा. तिला सांग. आजच. मग पोलिसांत जा. साहेबांना काय वाटेल याचा विचार करू नकोस.

आत्या


१४ एप्रिल

प्रिय आत्या,

हे अक्षर बाबांचं आहे. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. मी सांगतेय, ते लिहितायत. मधेमधे स्वतःचं काही घालणार नाही असं त्यांनी कबूल केलंय.

तुझं पत्र सोमवारी आलं. निरोप मात्र शुक्रवारी सकाळी माझ्या टेबलावर होता. टायने चिठ्ठी ठेवली होती: 'तुमच्या आत्यांचा फोन. नळ बघायला सांगितलंय.' मी हसले गं. म्हटलं, आत्याचे नळ काही सुटत नाहीत. तेवढ्यात ते गृहस्थ आले. मी फळ्यावरची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी 'थँक यू' म्हटलं आणि गेले.

मी हिशेबाच्या पावत्या लावत बसले होते. दुपारी टाय चहा घेऊन आला आणि म्हणाला, "तुमच्या आत्या फार ओरडत होत्या बुवा मागून. वय कसं कळलं, वय कसं कळलं, असं काहीतरी. कोणाचं वय?"

मला आधी काहीच कळलं नाही. मग त्या रिकाम्या घरात उभा असलेला तो माणूस डोळ्यांपुढे आला, हसून 'सात वर्षांची पोर' म्हणणारा. चहा तसाच टाकून पळाले.

बेकरी वाटेवरच आहे. तिथे म्हणाले, ती आत्ताच मुलीला आणायला शाळेत गेली. शाळा उलट्या दिशेला. मला काय करावं सुचेना. शाळेकडे गेले आणि त्या दोघी दुसऱ्या वाटेने घरी पोचल्या तर? मी इमारतीकडे पळाले.

समोरच्या जागेचं दार बोटभर उघडं होतं. मी ढकललं. तो दारामागे उभा होता. मापं घ्यायची टेप अजून खिशातच. मी तोंडावर हसू आणलं, कसं आणलं देव जाणे, आणि म्हटलं, "साहेब, घोळ झाला हो. मालकांनी ही जागा परस्पर दुसऱ्याला दिली. किल्ली द्या, मी तुम्हाला याहून चांगली दाखवते."

"मला हीच आवडलीय."

"ही नाही मिळणार."

"मग बसतो थोडा वेळ," तो म्हणाला. "जिना चढून दमलोय." आवाज तसाच मऊ. आणि किल्ली खिशात टाकली.

मी म्हटलं, समोरच्या दोघी तर गेल्या हो, मागच्याच आठवड्यात घर सोडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "काल तर खिडकीत फ्रॉक वाळत होता." म्हणजे काल तो खाली रस्त्यावर उभा होता.

आणि तेवढ्यात खालून मुलीचा आवाज आला. शाळेतलं काहीतरी पाठ म्हणत येत होती, एकेका पायरीला एकेक शब्द. त्याचा चेहरा मी तुला सांगू शकत नाही. राग नव्हता त्यावर. भूक लागलेल्या माणसाला ताट दिसावं तसा झाला.

मी वळून जिन्याच्या कठड्याला धरून खाली वाकले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "वर येऊ नका! तो इथे आहे!"

आवाज थांबला. मग धावत उतरणारी पावलं. त्याने मला बाजूला फेकलं आणि मी कठड्यावर आपटून हातावर पडले. मनगट मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. पण पडताना मी त्याचा शर्ट धरला होता, तो सोडला नाही. तो मला दोन पायऱ्या ओढत घेऊन गेला. मग खालच्या घरांची दारं उघडली आणि माणसं बाहेर आली. त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली, कॉलर नीट केली आणि "बाई पडल्या, जरा बघा त्यांच्याकडे" असं म्हणत सगळ्यांच्या मधून उतरून गेला. कोणी अडवलं नाही. का अडवतील? इस्त्रीचा शर्ट होता.

(ताई, ती सांगते आणि खिडकीबाहेर बघते. मी तिला डॉक्टरकडे नेलं तेव्हा ती स्वतःच्या हाताचं नव्हे, त्या दोघींचंच विचारत होती. — तुझा भाऊ)

बाबा, कबूल केलं होतंत.

पोलिसांनी माझी तक्रार लिहून घेतली, ढकलल्याची. बाकीचं ऐकून हवालदार म्हणाला, "नवराच आहे ना तो तिचा? बापाला मुलीला भेटावंसं वाटणारच." मी त्याला पुष्कळ बोलले. त्यातलं काही त्याने लिहिलं नाही.

त्या दोघी बेकरीच्या मागच्या खोलीत होत्या, पिठाच्या पोत्यांमध्ये. मुलगी आईच्या पोटात तोंड खुपसून बसली होती. मी तशीच लोंबता हात घेऊन गेले. काय सांगणार होते कोण जाणे. माफी मागणार होते बहुतेक.

बाईने मला बोलूच दिलं नाही. ओरडलीही नाही. म्हणाली, "घर तुम्ही दिलंत. पत्ताही तुम्हीच दिलात."

मग बेकरीवाल्याने मला हाताला धरून बाहेर आणलं.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. घरमालक भडकलेत, इमारतीत पोलिस आले. "आपण घरं लावून देतो, लोकांचे संसार नाही," म्हणाले आणि उद्यापासून येऊ नका म्हणाले. मला वाईट वाटलं नाही. किल्ल्यांच्या त्या फळ्याकडे बघवतच नव्हतं.

आत्या, हे काम माझं नाही. कापड विकणं बरं. चुकीचं कापड दिलं तर फार तर परत घेऊन येतात.

भिंगरी


२१ एप्रिल

भिंगरे,

हात कसा आहे ते बापाला लिहायला सांग, तू खरं लिहिणार नाहीस.

शेजार दाखव असं तुला मी सांगितलं. तू सबंध पत्रात एकदाही ते मला सुनावलं नाहीस. सुनावलं असतंस तर बरं वाटलं असतं. माझी सगळी वर्षं याच जिभेवर गेली. कोणी असा ऐकायला आला नाही, हे माझं नशीब. की आला आणि मला कळलंच नाही? दोन रात्री तेच डोक्यात आहे.

ती बाई बोलली ते खरं आहे. ते पुसायच्या मागे लागू नकोस.

पण मला एक सांग, त्या कुठे आहेत आता? पोत्यांमध्ये? किती दिवस? त्याला बेकरी माहीत आहे, तूच सांगितलीस. त्यांना जागा हवी. नवीन माणसं, नवीन शाळा, नवीन काम, आणि ते सगळं कोणाच्या डोळ्यावर न येता. ती बाई स्वतः दारोदार फिरू शकत नाही. बेकरीवाल्याला घरं शोधता येत नाहीत. तुला येतात.

हे काम तुझं आहे की नाही ते नंतर ठरव. तुझ्याकडे ऑफिस नाही, साहेब नाही. त्याची गरजही नाही.

ती तुला दारात उभं करणार नाही. तरी जा. तिने हाकललं तर परत जा. रडायला जाऊ नकोस, जागा घेऊन जा.

आत्या


३० मे

प्रिय आत्या,

प्लास्टर निघालं. अक्षर बघतेस ना, पहिलीतल्या मुलासारखं. बोटं अजून मिटत नाहीत पूर्ण.

मी गेले. बेकरीच्या मागच्या दाराने, कारण पुढे येईल त्याला बेकरीवाला 'बाई काम सोडून गेली' असंच सांगत होता. पहिल्यांदा बाईने आतून कडी लावून घेतली. पुन्हा गेले तर बेकरीवाल्याकरवी सांगितलं, तिला म्हणावं जा. त्यानंतर मी दाराबाहेरूनच बोलले. म्हटलं, मला माफ करू नका, फक्त एवढं सांगा, जागा कशी हवी. आणि तिथेच पायरीवर बसून राहिले. मग आतून आवाज आला, "खिडक्या रस्त्याच्या बाजूला नकोत."

तिथून सुरुवात झाली.

माझा चेहरा त्याला माहीत. म्हणून जागा बघायला बाबा गेले. हो, बाबा! निवृत्त माणूस, हवापालटासाठी खोली हवीय असं सांगत फिरले. लांबलांबच्या वस्त्यांमध्ये, बस बदलून. मी दुसऱ्या बसने जायची आणि कोपऱ्यावर उभी राहायची. परत येऊन ते मला सगळं सांगायचे: कुठल्या घराचं दार हलकं आहे, कुठे मालकीणबाई खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवतात, कुठे कोणी कोणाला काही विचारत नाही. एकदा म्हणाले, "काय गं, ताईने आयुष्यभर हे केलं?" मी हो म्हटलं. "एवढं चालून?" म्हणाले आणि बसच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

जागा मिळाली. ती आणि मुलगी तिथे गेल्या. सामान बेकरीच्या गाडीतून पावाच्या ट्रेंबरोबर गेलं.

निघताना बाईने मला विचारलं, "हे किती जणांना माहीत आहे?"

मी म्हटलं, मला, गाडी चालवणाऱ्या बेकरीवाल्याला, आणि आज बाबांनाही सांगेन.

"बाबांना कशाला?"

तिचं बरोबर होतं. बाबांनी पुष्कळ जागा बघितल्या होत्या, त्यातली कुठली ठरली ते मग मी त्यांना सांगितलंच नाही. त्यांनीही विचारलं नाही. तिने मान हलवली. आभार मानले नाहीत. मुलीने गाडीतून हात केला, तर तिने तो हळूच खाली घेतला.

तो माणूस अजून इथेच आहे, आत्या. ऑफिसात जाऊन माझी चौकशी करून आला, टायने येऊन सांगितलं. बिचारा टाय रडायच्या बेतात होता, मी त्याला काही बोलले नाही. गेल्या आठवड्यापासून तो माणूस आमच्या घरासमोरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानापाशी दिसतो. नुसता उभा असतो. मी कुठे जाते ते बघत असणार. पोलिसांना दोनदा सांगितलं. रस्त्यावर उभं राहणं हा काही गुन्हा नाही म्हणाले. बाबा गॅलरीत खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसतात. मी म्हटलं, आत या, तर म्हणाले, "त्यालाही कळू दे कोणी बघतंय ते."

म्हणून मी तिकडे जात नाही. एकदाही गेले नाही. जाणारही नाही. घर गळतंय का, मुलगी शाळेत रुळली का, बाईला काम मिळालं का, मला काही माहीत नाही. कळायचा मार्गही मीच बंद केलाय. झोपताना वाटतं, निदान एकदा लांबून बघून यावं. मग सायकलवाल्यापुढची ती जागा आठवते.

लोक येतात घरी. टाय पाठवतो, बेकरीवाला पाठवतो. एखादी खोली लावून द्या म्हणतात. परवा एका म्हातारीला दोन खोल्या मिळवून दिल्या. त्या प्रकारानंतर पहिल्यांदाच छान वाटलं, आणि लगेच वाईट वाटलं. दोन्ही एकदम. हे असंच राहणार बहुतेक.

तुझं पार्सल काल मिळालं. फ्रॉक सुंदर आहे. रंगपेटी उघडून बघितली, बाबांनीही वास घेऊन बघितला. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंस, 'पोरीला पोचव, आणि मला त्यांचा पत्ता कळव, मी स्वतः एकदा जाऊन येईन. मला ऐकू येत नाही, मी कोणाला काय सांगणार?'

आत्या, तू विचारतेस हे मला समजतं. तुला झोप लागत नाही हेही समजतं. पण फ्रॉक माझ्या कपाटात आहे आणि तिथेच राहील. पत्ता तुला देणार नाही.

रागावू नकोस. रागावलीस तरी चालेल.

तुझी,
भिंगरी